वहिनीसाहेब जेवून गेल्या

आमच्या वहिनीसाहेब परत आल्या तेव्हा मी त्यांच्याच मरणाची कमान पुसत होतो.

कमान लाल आहे, राजाच्या हुकमानं उभारलेली. एखाद्या बाईनं कुळाच्या अब्रूसाठी जीव दिला की तिच्या घरापुढे अशी कमान येते. मग त्या घराची वेठ माफ होते, धारा माफ होतो, आणि येणारेजाणारे तिथं घोड्यावरून उतरून चालतात. पावसाळ्यात तिच्या खांबांना शेवाळ धरतं. ते काढायचं काम माझं. घराची वेठ माफ झाली तरी माझी झाली नाही, कारण मी घरातला नाही, घराचा आहे. बैलाचीही झाली नाही. त्यानं तक्रार केली नाही म्हणून मीही केली नाही.

माझं नाव स्वेत्तोंग, म्हणजे शेण. नजर लागू नये म्हणून आईनं ठेवलं. लागली नाही.

तर रस्त्यावरून एक बाई आली. उन्हानं रापलेली, डोक्यावर गाठोडं, पायात गवताची वहाण, तीही एकाच. कमानीपुढे उभी राहून ती वरची पाटी वाचू लागली.

"भीक हवी तर मागच्या दाराला जा, बाई," मी म्हणालो. "इथं उभं राहायचं तर मान खाली घालून."

"डाव्या खांबाला अजून शेवाळ आहे, स्वेत्तोंग."

आवाज ओळखीचा होता. आमच्याकडे मोठ्या घरच्या बायका आतल्या चौकात राहतात, त्यांचं तोंड बाहेरच्या कुणाला दिसत नाही. वहिनीसाहेबांचा चेहरा मीही मोजक्याच वेळा पाहिला असेल, पण भिंतीपलीकडून येणारा तो आवाज मला रोज कामाला लावायचा. मी वाकून डाव्या खांबाचं शेवाळ पुसलं. मग मला आठवलं की त्या वारल्यात.

"वहिनीसाहेब," मी म्हणालो, "आपण वारलात."

"हो, तेच वाचतेय." त्यांनी डोळे बारीक केले. "ब्योन घराण्याची लेक, मेंग कुळाची सून. शत्रूच्या हाती न लागता समुद्राला जवळ केलं. छान लिहिलंय. इनबो कसा आहे?"

"बरा आहे. दात पडलाय एक."

"इतक्यात?"

"पायरीवरून आपटला."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि गाठोडं खाली ठेवून कमानीच्या सावलीत बसल्या. मी हातातलं फडकं पिळलं. मेलेलं माणूस समोर आल्यावर काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. फडकं ओलं झालं की पिळायचं, एवढं शिकवलंय.

*

तीन वर्षांपूर्वी, ऐन थंडीत, उत्तरेचे स्वार आले. सरकारनं सांगितलं, बायकामुलांना गांगह्वा बेटावर पाठवा, त्या स्वारांना समुद्र ओलांडता येत नाही. सगळे बेटावर गेले. मग स्वार होड्यांत बसून आले. सरकारचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. घोड्यावरून त्यांनी समुद्र ओलांडला नाहीच.

मालक तेव्हा राजाबरोबर गडावर अडकले होते. धाकटे मालक, म्हणजे वहिनीसाहेबांचे यजमान, आदल्या साली तापानं गेलेले. त्यामुळे बेटावर आम्ही चौघंच: थोरल्या बाईसाहेब, वहिनीसाहेब, त्यांचा अंगावर पिणारा इनबो, आणि सामान उचलायला मी. स्वार गावात शिरले तेव्हा आम्ही किनाऱ्यावर एका पालथ्या होडीखाली लपलो. किनारा अशा होड्यांनी भरलेला होता आणि स्वार एकेक होडी उलटून बघत होते. घाई नव्हती त्यांना. लोणच्याच्या बरण्या उघडून बघावं तसं चाललं होतं.

इनबो कुरकुरायला लागला.

वहिनीसाहेबांनी त्याला सासूच्या कुशीत दिलं. मला म्हणाल्या, "हा रडला तर तोंडावर हात ठेव. नाकावर नाही. फरक कळतो ना तुला?"

"कळतो."

"दाखव."

मी माझ्याच तोंडावर हात ठेवून दाखवला. त्यांचं समाधान झालं. मग त्या होडीखालून सरपटत बाहेर गेल्या, उभ्या राहिल्या आणि ओरडत सुटल्या. ज्या बाईचा आवाज चौकाबाहेर गेला की सासू तीन दिवस बोलत नसे, ती बाई किनाराभर बोंबलत धावली. सुतकाचा पांढरा घागरा, त्याच्यामागे सगळे स्वार. दगडी बांधावर चढल्या आणि पलीकडे उडी घेतली. आम्हाला फटीतून बांधापर्यंतच दिसत होतं. आमच्या होडीकडे मग कुणी आलं नाही.

लढाई संपल्यावर कचेरीत बोलावलं. कारकुनानं विचारलं, "उडी मारली?"

"मारली."

"समुद्रात?"

"त्या बाजूला समुद्रच होता."

"वर आल्या?"

"आम्हाला दिसल्या नाहीत."

झालं. मेंग कुळाला कमान मिळाली. रिकाम्या थडग्यात त्यांचे कपडे पुरले, देवघरात नावाची पाटी बसवली, आणि इनबो चालायला शिकला तोच तिच्यापुढे डोकं टेकायला.

*

आतल्या खोलीत मालक, थोरल्या बाईसाहेब आणि वहिनीसाहेब बसले. मी उंबऱ्यावर. मी आधीच पाहिलेलं असल्यामुळे मला हाकलून काही उपयोग नव्हता.

मालक बराच वेळ चटईकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "सूनबाई, तू उडी मारली होतीस ना?"

"मारली होती, मामंजी."

"समुद्रात?"

"ओहोटी होती."

मालकांना कळलं नाही. मलाही नाही. आमचं गाव समुद्रापासून इतकं आत आहे की मीठसुद्धा बैलावरून येतं. समुद्र दिवसातून दोनदा उठून कुठंतरी जातो, हे आमच्यात कुणाला ठाऊक असणार?

"पाणी नव्हतं," वहिनीसाहेब म्हणाल्या. "नजर पोचेल तिथवर चिखल. कमरेपर्यंत रुतले. स्वारांनी दोर टाकून ओढलं. फार जड गेलं त्यांना. एक जण स्वतःच पडला आत. मग आधी त्याला काढलं."

"पण ते... पाणी... परत येतं ना?" मालकांनी विचारलं.

"येतं. मी वाट बघितली. पण हे लोक आधी आले."

बाहेर कोंबडी अंडं घातल्याचं सांगत होती.

पुढचं त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. शिमयांगला, म्हणजे त्या स्वारांच्या राजधानीत, एका सरदाराच्या बायकोकडे शिवणकामाला ठेवलं होतं. ती बाई मेली, घर विस्कटलं, दार उघडं होतं, चालत आले. दोन वाक्यं नाही, पाच झाली.

मालकांनी बाहीतून एक छोटी चांदीच्या मुठीची सुरी काढली आणि चटईवरून हळूच पुढे सरकवली. मोठ्या घरच्या बायकांकडे अशी सुरी असतेच, वेळ आली तर. मालक अदबीचा माणूस. म्हणाले, "मी काही सांगत नाहीये. तुला तहान लागली असेल तर पाणी आहे, आणि ही आहे."

वहिनीसाहेब पाणी प्यायल्या. मग सुरीकडे बघत म्हणाल्या, "मामंजी, माझी ना नाही. पण मी समुद्रात मेलेय. आता इथं मेले तर एक ताजं प्रेत होईल. गावचा मुखिया येणार, कचेरी येणार. हे कुणाचं म्हणून विचारतील. काय सांगाल?"

मालकांनी विचार केला. त्यांचा विचार दिसतो, कारण दाढी हलते. राजाकडे खोटी कमान मागितली असं ठरलं तर मालकांना हद्दपारी होती. मला फटके होते, कारण साक्ष माझी. तसे मला कमान न पुसल्याबद्दलही फटके होतेच, पण हे जास्त असते. दाढी थांबली. मालकांनी सुरी परत बाहीत घातली.

"मग हवंय काय तुला?"

"इथं राहायचंय. इनबोजवळ."

"कोण म्हणून?"

"तुम्ही म्हणाल ते."

थोरल्या बाईसाहेब तोवर गप्प होत्या. बेटावरून आल्यापासून त्या तशाही फार बोलत नसत. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "स्वयंपाकघरात एक बाई कमीच आहे. मुळे चिरून चिरून म्हातारीचे हात गेले."

असं ठरलं: त्यांच्याच श्राद्धापर्यंत राहायचं. दरवर्षी त्या श्राद्धाला सगळे भाऊबंद जमतात, हात लागतात. श्राद्ध झालं की दुसऱ्या दिवशी डोंगरापलीकडच्या भिक्षुणींच्या मठात जायचं, ते कायमचं. तोवर पोराला काही सांगायचं नाही, त्याला जवळ घ्यायचं नाही, त्याच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही.

"श्राद्धानंतरही ठेवलं तर?" वहिनीसाहेबांनी विचारलं.

"उगीच आणखी वर्षभर तुझ्यामुळे घर टांगणीला ठेवू?" मालक म्हणाले. "काही कारण हवं ना."

"कारण हवं," वहिनीसाहेब म्हणाल्या, जणू बाजारातून आणायचं सांगितलं.

आता गावाला सांगायचं काय, ही बाई आली कुठून? मालकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यामागे कुणी आहे का म्हणून मीही वळून पाहिलं.

"स्वेत्तोंगची बायको," मालक म्हणाले. "उत्तरेकडून आणली."

असं माझं लग्न झालं. मला कुणी विचारलं नाही, पण गुलामाला विचारून लग्न लावायची आमच्यात पद्धतही नाही. माझी खोली वहिनीसाहेबांना मिळाली आणि मी बैलाकडे झोपायला गेलो. बैलानं जागा दिली. अख्ख्या व्यवहारात तेवढीच माणुसकी.

*

सगळ्यात अवघड गेलं ते त्यांना हाक मारणं.

"मला अगं म्हण," वहिनीसाहेब मुळे धुता धुता म्हणाल्या.

"जमणार नाही, वहिनीसाहेब."

"स्वेत्तोंग, बायकोला अहोजाहो करणारा गुलाम या जिल्ह्यात कुणी बघितलाय? म्हण."

"अगं... जरा ती टोपली देता का आपण?"

"दे. टोपली दे. आणि थोडं तिरसट."

"टोपली दे गं. तिरसट कसं करू?"

"माझी सासू आठव."

चारपाच दिवसांत जमलं. इतकं जमलं की एकदा पाणवठ्यावर, चार लोकांदेखत, मी त्यांना "ए भवाने, घडा काय तुझा बाप उचलणार?" म्हणालो. त्यांचा बाप प्रांताचा सुभेदार होता. त्यांनी घडा उचलला आणि वाटेत हळूच म्हणाल्या, "आता बरं होतंय." त्यानंतर मला दोन दिवस जेवण गेलं नाही, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोन्ही दिवस भात कमीच होता.

इनबो स्वयंपाकघरात चेस्टनट मागायला यायचा. वहिनीसाहेब त्याच्याकडे न बघता सोलून द्यायच्या. सोलताना त्यांचे हात एकदम सावकाश चालायचे.

"ए उत्तरेची," तो एकदा म्हणाला, "तुला आई आहे?"

"होती."

"माझी आई ती आहे." त्यानं दारातून बोट दाखवलं. तिकडे कमान होती. "ती लाल. सगळे उतरतात घोड्यावरून."

"बघितली मी."

"मोठी आहे ना?"

"फारच," वहिनीसाहेब म्हणाल्या. "घे, हा किडका नाही."

*

पानगळीच्या सुमाराला कचेरीतून एक चित्रकार आला. जिल्ह्यातल्या निष्ठावान स्त्रियांची चित्रं काढून अंमलदारसाहेबांना वर पाठवायची होती. हा गृहस्थ पातळ मिशीचा, सतत शिंकणारा. उडीचं चित्र काढायचं म्हणाला, पण उडताना घागऱ्याच्या चुण्या कशा पडतात ते त्याला बघायला हवं होतं.

"कुणीतरी शिडशिडीत बाई द्या. तुमची ती उत्तरेची चालेल."

मालकांचा चेहरा चटईसारखा झाला. पण नाही म्हणायला कारण हवं, आणि ते नव्हतं. वहिनीसाहेबांना जुना पांढरा घागरा नेसवला आणि परसात लोणच्याच्या रांजणांचा जो ओटा आहे त्यावर उभं केलं.

त्यांनी उडी मारली.

"छे छे!" चित्रकार म्हणाला. "खाली काय बघतेस? पतिव्रता वर बघते."

"खाली बघितल्याशिवाय कळणार कसं कुठं पडतोय ते?"

"तिला त्याची पर्वा नव्हती!"

"असेल," वहिनीसाहेब म्हणाल्या, आणि पुन्हा ओट्यावर चढल्या.

"आणि हात असे. जणू लाटा तुला बोलावतायत."

"पाणी नसेल तिथं तर?"

"काय?"

"काही नाही. मारते."

त्यांनी पुष्कळ उड्या मारल्या. इनबो पायरीवर बसून टाळ्या वाजवत होता. इतका हसताना मी त्याला कधी पाहिला नव्हता. "परत! परत मार!" तो ओरडायचा, आणि वहिनीसाहेब परत मारायच्या. चित्रकार पुरे म्हणाला त्यानंतरही त्यांनी दोन मारल्या. शेवटच्या उडीला त्या खरंच वर बघत पडल्या आणि पाय मुरगळला.

"हेच! हेच ते तोंड!" चित्रकार शिंकत ओरडला. "बाई, तुझ्यासारखीला कळायचं नाही, पण आत्ता क्षणभर तू अगदी तीच दिसलीस."

चित्रात त्यानं घराएवढ्या लाटा काढल्या.

*

श्राद्ध आलं. बाहेर भांड्यांतलं पाणी गोठलेलं, आणि देवघरापुढच्या अंगणात मेंग कुळाचे सगळे पुरुष पांढऱ्या कपड्यांत, नाकं लाल करून उभे. थोरले काका, म्हणजे मालकांचे चुलतभाऊ आणि कुळातले सर्वांत वडील, यांना ऐकू कमी येतं. जेवायला बोलावलेलं तेवढं येतं.

वहिनीसाहेब आदल्या सकाळपासून चुलीपुढे होत्या. भात, मुळ्याचं सार, वाफवलेला मासा, तांदळाचे वडे, सोललेले चेस्टनट, सुकी बोरं. श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो, आणि करणारीनं त्या दिवशी दुसरं काही खायचं नसतं. मढ्याच्या आधी कुणी जेवायचं नाही, असा नियम आहे. त्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलेलं होतं. उद्या उजाडताच मी त्यांना मठात पोचवून यायचं होतं.

उजाडायला लागलं तशी ताटं मांडली. बोरं पूर्वेला की चेस्टनट, यावर काकांचं आणि मालकांचं नेहमीचं भांडण झालं. इनबोनं दोन्ही हातांनी मद्याचा पेला वाहिला, डोकं टेकलं. भातात चमचा उभा खोचला. मग सगळे बाहेर आले आणि दार लावून घेतलं. मेलेल्या माणसाला चारचौघांदेखत जेवायचा संकोच वाटतो. म्हणून त्याला नऊ घास होतील एवढा वेळ एकटं सोडायचं, दाराकडे पाठ करून उभं राहायचं. मग यजमान तीन वेळा खोकतो आणि दार उघडतो. त्यानंतर आत भाताच्या खरवडीचं गरम पाणी न्यायचं, तोंड धुवायला म्हणा, प्यायला म्हणा.

आम्ही पाठ करून उभे राहिलो. मी सगळ्यांच्या मागे, म्हणजे दाराच्या सगळ्यात जवळ. पाठ केल्यावर मागचे पुढे होतात.

आतून आवाज आला. टण.

पितळी वाडग्यावर चमचा आपटल्याचा. कुणी हललं नाही. पुन्हा आला. मग सावकाश, एका लयीत, भुकेलं माणूस जेवतं तसा.

देवघराला मागून एक बुटकं दार आहे, स्वयंपाकघरातून ताटं न्यायचं. ते मला ठाऊक होतं, मालकांना ठाऊक होतं. भाऊबंदांपैकी कुणी आयुष्यात स्वयंपाकघर पाहिलेलं नव्हतं.

"ऐकलंत?" थोरले काका कुजबुजले. कुळातला सर्वांत बहिरा माणूस. "कुणीतरी जेवतंय!"

"आई!" इनबो म्हणाला.

"श्श!"

"आई जेवतेय!"

आत मुळ्याचं सार भुरकल्याचा आवाज आला. एका चुलत्याला रडू फुटलं. दुसरा गुडघ्यांवर बसला आणि त्याला पाहून सगळेच बसले. मालकांनी खोकायला हवं होतं. ते खोकले, एकदा. चमचा थांबला नाही. दुसऱ्यांदा खोकले, मोठ्यानं, छातीतून. आत कुडुम झालं. चेस्टनट. मेलेल्यांचे दात इतके शाबूत असतील असं कुणाला वाटलं नव्हतं. मग मालक जे खोकायला लागले ते थांबेचनात. तीनाचा नियम मोडला तरी कुणी काही म्हटलं नाही.

शेवटी चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. नीट, हलक्या हातानं. मोठ्या घरची बाई ठेवते तसा.

दार उघडलं. खोलीत कुणी नव्हतं. भाताचं वाडगं तळापर्यंत रिकामं. माशाची एक बाजू गेलेली, काटे ताटाच्या कडेला ओळीनं. मागच्या बुटक्या दारातून उत्तरेची खाली मान घालून आली, खरवडीचं पाणी ताटापाशी ठेवलं आणि मागे सरली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. सगळे काट्यांकडे बघत होते.

"अशी निष्ठा!" थोरले काका हुंदके देत म्हणाले. "मेल्यावरही सासरचं अन्न टाकलं नाही! अरे, हे अंमलदारसाहेबांना कळवायलाच हवं. पुढच्या वर्षी ते स्वतः येतील. चित्रकारालाही आणू."

"पुढच्या वर्षी," मालक म्हणाले, "येईलच असं नाही."

"म्हणजे? न यायला काय झालं? आणि नाही आली तर लोक काय म्हणतील, मेंगांनी काय कमी केलं म्हणून रुसली? नाही नाही. आता दरवर्षी यायलाच हवी!"

मालकांनी थोरल्या बाईसाहेबांकडे पाहिलं. त्या बायकांच्या ओसरीतून सगळं बघत होत्या. त्यांनी मान हलवली की थंडीनं ती हलली, सांगता यायचं नाही.

पाहुणे जेवायला बसल्यावर मालकांनी मला कोपऱ्यात घेतलं. "अरे स्वेत्तोंग, तुझी बायको उद्या जाणार नाही."

"जी."

"पुढच्या वर्षी लागेल."

"जी. आणि त्याच्या पुढच्या?"

मालकांची दाढी हलली आणि थांबली. "लागेल," ते म्हणाले. "फक्त तिला सांग, माशाला हात लावू नको. इतकं नको."

"मासा खाल्ला म्हणून तर विश्वास बसला," मागून थोरल्या बाईसाहेब म्हणाल्या. वर्षभरातलं त्यांचं हे सर्वांत लांब वाक्य असेल. "पुढल्या खेपेला दोन्ही बाजू खाऊ दे."

मी गाठोडं उचलून परत खोलीत ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेलो. वहिनीसाहेब राखेनं पितळी वाडगं घासत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर काही नव्हतं. आनंद झाला असेल तर तो बराच आत झाला असेल.

"वहिनीसाहेब," मी हळूच विचारलं, "कारण हवं म्हणून जेवलात?"

"भूक लागली होती."

"एवढंच?"

"कालपासून पोटात काही नव्हतं, स्वेत्तोंग. ताट माझ्या नावाचं होतं." त्यांनी वाडगं पालथं घातलं. "सार अळणी झालंय. कुणी बोललं नाही ना?"

तेवढ्यात इनबो आला. हातात प्रसादाचा वडा, अर्धा खाल्लेला.

"उत्तरेची, माझी आई आली होती. मी ऐकलं."

"हो का?"

"सगळा भात संपवला. मला म्हणतात संपव, पण माझ्यानं नाही संपत."

"तिला सवय असेल."

इनबोनं वड्याचा एक घास घेतला, चावला, गिळला. मग म्हणाला, "मग मला न भेटता का गेली?"

मी चुलीत लाकूड घातलं. ते आधीच पुष्कळ होतं.

"तिला वाटलं, तू झोपलायस," वहिनीसाहेब म्हणाल्या.

"मी दाराशीच होतो. मी हाकसुद्धा मारली."

"मग चुकलंच तिचं."

"पुढच्या वर्षी तू ताट घेऊन आत जाशील तेव्हा तिला सांगशील? मी बाहेर असतो म्हणून?"

"सांगेन."

"विसरशील तू. परवा माझी बोरं विसरलीस."

"परवा विसरले. हे नाही विसरणार."

इनबोनं जरा वेळ त्यांच्याकडे बघितलं, खात्री करून घेतल्यासारखं. मग उरलेला वडा त्यांच्या ओल्या हातात ठेवला आणि पळाला. त्यांनी तो लगेच खाल्ला. उभ्या उभ्या, घाईघाईनं, कुणी परत मागेल म्हणून.

बाहेर थोरले काका घोडा मागवत होते आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगत होते. त्यांच्या सांगण्यात एव्हाना मासे दोन झाले होते.